लघुउद्योजकांसाठी मोफत संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांतली नेमकी कोणती त्यांच्या हाती द्यावीत?

संघटक

नमस्कार मंडळी.

विकसनशील देशांतील अगदी लहान उद्योजकांना, म्हणजे एकट्याने किंवा घरच्या दोन-चार माणसांच्या बळावर उत्पादन व विक्री करणाऱ्यांना, साहाय्य करणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. अशा उद्योजकांच्या गटांसाठी आम्ही इंटरनेटवरील मोफत साधनांची एक सूची तयार केली आहे. व्यवसाय-प्रशिक्षणाचे पाठ, व्यापाराची आकडेवारी, कर्ज मिळवून देणारे मंच, हिशेबाची ॲप्स, सरकारी नोंदणीची संकेतस्थळे असे करता करता ती इतकी लांबली आहे की आता तिलाच अनुक्रमणिका लागेल.

गटांशी बोलल्यावर असे लक्षात येते की बहुतेकांनी ती एकदा उघडली, काही दुवे चाळले आणि पुन्हा तिकडे कोणी फिरकले नाही. ही माणसे उदासीन आहेत असे मात्र मुळीच नाही. तीच माणसे फोन करून फार नेमके प्रश्न विचारतात. विणलेल्या टोपल्या करणाऱ्या एका गटाला परदेशातील विक्रेत्याने नमुने मागितले आहेत, तर भाव काय सांगावा? ॲपवरून काही मिनिटांत कर्ज मिळते असे ऐकले, तर ते घ्यावे का? या प्रश्नांची उत्तरे आमच्या सूचीत कुठेतरी आहेत हे मला ठाऊक आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

सूचीत काय ठेवावे आणि काय काढून टाकावे, एखादे साधन विश्वासार्ह आहे हे कशावरून ओळखावे, आणि ऑनलाइन प्रशिक्षणाने धंद्यात खरोखर काही फरक पडतो का, हे ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

व्यापारमार्ग

सूची साधनांच्या नावांनी लावण्याऐवजी आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांनी लावावी, असे मी सुचवेन. टोपल्यांचाच प्रश्न घेऊ, कारण त्याचे उत्तर शोधण्याची वाट ठरलेली आहे आणि ती संपूर्णपणे मोफत साधनांतून जाते.

पहिली पायरी म्हणजे मालाचा एचएस कोड, अर्थात सीमाशुल्कासाठी प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेला क्रमांक. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात; पुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो. वनस्पतीजन्य साहित्यापासून विणलेल्या वस्तू ४६०२ या शीर्षाखाली येतात, त्यातही बांबूच्या वस्तूंचा कोड ४६०२११ आणि वेताच्या वस्तूंचा ४६०२१२ असा वेगळा आहे. हा कोड चुकला तर पुढची सगळी माहिती दुसऱ्याच मालाची निघते, म्हणून इथे घाई करू नये.

कोड हाती आला की ‘ट्रेड मॅप’ उघडावा. जिनिव्हा येथील इंटरनॅशनल ट्रेड सेंटर, म्हणजे संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक व्यापार संघटना यांची १९६४ पासून काम करणारी संयुक्त संस्था, तो चालवते. कोणता देश हा माल किती घेतो, कोणाकडून घेतो आणि ही खरेदी गेल्या काही वर्षांत वाढली की घटली, हे तिथे दिसते. एकूण मूल्याला वजनाने भागून येणारा सरासरी भावही मिळतो. तो कुठल्याही एका टोपलीचा भाव नसतो. त्यात साधी टोपली आणि कलाकुसरीची टोपली दोन्ही मिसळलेल्या असतात, शिवाय आयातीच्या आकड्यांत साधारणतः वाहतूक आणि विम्याचा खर्च धरलेला असतो. तरीसुद्धा आपण सांगणार असलेला भाव त्या सरासरीच्या तिप्पट असेल, तर इतके जास्त का मागतो आहोत याचे उत्तर नमुना पाठवण्यापूर्वीच तयार ठेवावे लागेल, एवढे त्यावरून नक्की कळते.

त्यानंतर त्याच संस्थेच्या ‘मार्केट ॲक्सेस मॅप’वर आयातशुल्क पाहावे. आपल्या देशाला सवलतीचा दर लागू होत असेल, तर ती सवलत मिळवण्यासाठी मालाच्या उगमाचे, म्हणजे तो आपल्या देशात तयार झाल्याचे, प्रमाणपत्र लागते. अनेक लहान निर्यातदार ते काढतच नाहीत आणि पूर्ण शुल्काचा बोजा ग्राहकावर पडतो.

माल युरोपात जाणार असेल, तर नेदरलँड्सच्या ‘सीबीआय’चे बाजारअभ्यास अवश्य वाचावेत. विकसनशील देशांतून युरोपात येणाऱ्या मालाला चालना देण्यासाठी १९७१ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था आहे आणि घरसजावटीच्या वस्तूंवर तिचे चांगले लेखन आहे. कायद्याने सक्तीच्या अटी कोणत्या, ग्राहक त्यांखेरीज काय मागतात आणि ठरावीक ग्राहकांनाच काय लागते, हे ती वेगवेगळे सांगते. लहान उत्पादकाला हा भेद समजणे फार मोलाचे असते, कारण एरवी तो गरज नसलेल्या प्रमाणपत्रावर पैसे घालवतो आणि सक्तीची अट मात्र राहून जाते.

एक बारीकशी गोष्ट टोपल्यांच्या संदर्भात सांगून ठेवतो. माल लाकडी खोक्यातून किंवा फळ्यांच्या तळावरून (पॅलेटवरून) पाठवला, तर ते लाकूड ‘आयएसपीएम १५’ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया केलेले असावे लागते. उष्णता देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे ठेवतात आणि त्यावर शिक्का मारतात. शिक्का नसेल तर आतल्या टोपल्या कितीही निर्दोष असल्या तरी बंदरात सगळे अडकते. लहान पाठवणीसाठी सरळ पुठ्ठ्याची खोकी वापरली की हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे सगळे टोपल्या विणणाऱ्या बाईंनी स्वतः शोधावे, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ‘ट्रेड मॅप’चे तक्ते फोनच्या पडद्यावर वाचणे कठीण आहे आणि त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. आपल्या संस्थेतील एकाने ते पाहावे, त्यातून अर्ध्या पानाची टिपण तयार करावी आणि ती त्यांच्या भाषेत त्यांना द्यावी.

जमाखर्च

मी लहान उद्योगांच्या कर्जव्यवहाराशी संबंधित काम करतो, त्यामुळे ॲपवरून मिळणाऱ्या कर्जाच्या प्रश्नापुरते लिहितो.

कर्जाची चणचण खरी आहे. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ साली विकसनशील देशांतील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची न भागलेली कर्जाची गरज वर्षाला सुमारे ५.२ लाख कोटी डॉलर असल्याचा अंदाज मांडला होता. एवढी मोठी पोकळी असेल तिथे चांगली साधने येतात तशी लुबाडणारीही येतात, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून कोणत्याही कर्ज-ॲपचा दुवा सूचीत देण्याआधी त्याचा दर घटत्या शिल्लकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, मांडून पाहावा. दरमहा २ टक्के सपाट दराने वर्षभरासाठी १२ समान हप्त्यांचे कर्ज घेतले, तर ऐकणाऱ्याला तो दर वार्षिक २४ टक्के वाटतो. प्रत्यक्षात मुद्दल दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत सगळ्या मूळ रकमेवर आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिल्लकेवर हिशेब केला की तोच दर ४१ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यात प्रक्रियाशुल्क आधीच कापून घेतलेले असेल, तर आणखी वर. हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये करता येतो आणि तो एकदा सर्वांसमोर करून दाखवला, तर गटातील माणसे पुढच्या वेळी स्वतःहून विचारतात की हा दर सपाट आहे की घटता.

दुसरी खूण म्हणजे ॲप फोनमधील कशाकशाची परवानगी मागते. संपर्कयादी किंवा छायाचित्रे मागणारे कर्ज-ॲप सरळ वगळावे, कारण वसुलीसाठी नातेवाईक आणि ग्राहकांना फोन करून बदनामी करण्याचा मार्ग तिथूनच उघडतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत संपर्कयादी, फोनची नोंद आणि फाइल्स पाहण्यास कर्ज-ॲपना मनाई केली; त्याच वर्षी केनियाच्या मध्यवर्ती बँकेने डिजिटल कर्जदात्यांना परवाना सक्तीचा केला; २०२३ मध्ये गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि छायाचित्रे वाचण्यास बंदी घातली. आपले गट ज्या देशात असतील, तिथल्या मध्यवर्ती बँकेची परवानाधारकांची यादी हा सूचीतील सर्वांत उपयोगी दुवा ठरेल.

‘किवा’सारख्या मंचाबद्दलही नीट सांगायला हवे. २००५ साली सुरू झालेल्या या मंचावर जगभरातील सामान्य माणसे लहान उद्योजकांना बिनव्याजी रक्कम उसनी देतात. परंतु ती रक्कम बहुतेक वेळा स्थानिक वित्तसंस्थेमार्फत पोहोचते आणि ती संस्था उद्योजकाकडून व्याज घेऊ शकते. तिला खर्च असतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. उद्योजकाला मात्र ‘बिनव्याजी कर्ज’ असे सांगू नये.

कर्जाच्या बरोबरीने आणखी एका साधनाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण अनेकांची अडचण खरे तर कर्जाची नसते, अडकलेल्या बिलाची असते. मोठ्या खरेदीदाराला माल दिला आहे, त्याने बिल मान्य केले आहे, पण पैसे दोन-तीन महिन्यांनी येणार. अशा मान्य बिलावर ऑनलाइन आधीच पैसे मिळवून देणारी व्यवस्था मेक्सिकोच्या ‘नाफिन’ या विकास बँकेने २००१ मध्ये उभी केली आणि भारतात ‘ट्रेड्स’ नावाचे मंच २०१७ पासून चालू आहेत. व्याज लहान पुरवठादाराची पत पाहून न ठरता मोठ्या खरेदीदाराची पत पाहून ठरते, हा यातला मुख्य लाभ आहे. खरेदीदार त्या मंचावर नोंदलेला असला तरच हे जमते, म्हणून माल देण्यापूर्वीच तसे विचारून घ्यावे.

अध्यापक

प्रशिक्षणाविषयीच्या प्रश्नावर चांगले संशोधन उपलब्ध आहे आणि ते वाचल्यावर मी स्वतः काय शिकवावे याचा विचार बराच बदलला.

टोगोमध्ये १५०० लहान उद्योजकांवर केलेला प्रयोग २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण दिले, म्हणजे हिशेब, विपणन आणि आर्थिक नियोजन. दुसऱ्या गटाला पुढाकार कसा घ्यावा, संधी कशी हेरावी आणि अडथळा आला तरी काम कसे चालू ठेवावे याचे शिक्षण दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकणारी नव्हती. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, रीतसर हिशेबशास्त्र शिकवण्यापेक्षा घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवण्यासारखे साधे, लक्षात राहणारे नियम शिकवल्यावर लोकांच्या नोंदी अधिक सुधारल्या.

दोन्ही अभ्यासांतील शिकवणी समोरासमोर झाली होती, हे विसरता कामा नये. तासभराच्या ध्वनिचित्रफितींची मालिका दिली की हाच परिणाम मिळेल, असे त्यावरून म्हणता येत नाही. ऑनलाइन पाठ बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ‘स्टार्ट अँड इम्प्रूव्ह युअर बिझनेस’ या कार्यक्रमाच्या पुस्तिका आपल्या सूचीत असाव्यात असे मला वाटते. हा कार्यक्रम १०० हून अधिक देशांत वापरला गेला आहे आणि त्याची भाषांतरेही पुष्कळ झाली आहेत. त्या प्रशिक्षकासाठी म्हणून ठेवाव्यात. तो त्यातील एकच पाठ घेईल, उदाहरणार्थ एका नगाचा खर्च कसा काढावा हा, आणि त्या दिवशी गटासमोर जे उत्पादन आहे त्यावर तो हिशेब करून घेईल.

अलीकडे संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा आग्रह फार होतो, म्हणून तेही लिहितो. केनियातील लहान उद्योजकांना व्हॉट्सॲपवरून असा सल्लागार उपलब्ध करून देऊन अभ्यास करण्यात आला. सरासरी परिणाम दिसला नाही. पण ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता त्यांना लाभ झाला आणि ज्यांचा डळमळीत होता ते आणखी मागे पडले. मिळालेल्या सल्ल्यातला आपल्याला लागू पडणारा कोणता, हे निवडण्यासाठीही जाण लागते, आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापाशी ती अजून आलेली नसते. अशा साधनाचा दुवा देऊन आपण बाजूला झालो, तर सर्वांत दुर्बळ माणसाचेच नुकसान होण्याची शक्यता आहे, हे मला फार गंभीर वाटते.

गल्लापेटी

वरील प्रतिसाद उत्तम आहेत, पण थोडा वेगळा सूर लावतो. निर्यात करणारे लहान उद्योजक अगदी थोडे असतात. बहुतेकांचा ग्राहक चालत येण्याइतक्या अंतरावर असतो आणि त्यांच्या दृष्टीने सूचीतील पहिली तीन साधने ही असायला हवीत: पैसे घेण्याचे, नोंद ठेवण्याचे आणि सरकारदरबारी नाव घालण्याचे.

पैसे घेण्याच्या बाबतीत बऱ्याच देशांत प्रश्न सुटत आला आहे. फोनवरून पैसे घेण्याची सोय झाली आहे: केनियात २००७ पासून एम-पेसा, भारतात २०१६ पासून यूपीआय, ब्राझीलमध्ये २०२० पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेचे पिक्स. यांचा एक दुय्यम लाभ फारसा कोणी सांगत नाही: पैसे खात्यातून आले की विक्रीची नोंद आपोआप तयार होते, आणि ज्याच्याकडे तारणही नाही आणि ताळेबंदही नाही, त्याला हीच नोंद पुढे बँकेसमोर ठेवता येते.

नोंद ठेवण्यासाठी कोणतेही ॲप सुचवा, मात्र सगळी माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढून घेता येते का, हे आधी तपासा. मोफत ॲप बंद पडतात किंवा अचानक शुल्क लावतात आणि उधारीची सारी खाती आत अडकून बसतात. ग्राहकांच्या यादीचेही तसेच आहे. समाजमाध्यमावरील पान हे त्या कंपनीच्या जागेत मांडलेले दुकान असते. ते बंद झाले तर ग्राहकांचे क्रमांक आपल्या वहीत असायला हवेत. व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी जरूर लावावी, पण त्यासाठी वापरलेला सिमकार्डाचा क्रमांक गटाच्या किंवा उद्योजकाच्याच नावावर आहे ना, हे पाहून घ्यावे. मदतीला आलेल्या भाच्याच्या क्रमांकावर सगळा धंदा उभा असल्याचे आणि तो नोकरीसाठी दुसरीकडे गेल्यावर तो क्रमांकही गेल्याचे मी पाहिले आहे.

सरकारी नोंदणीत फसवणूक सर्वाधिक होते. भारतातील ‘उद्यम’ नोंदणी, जी १ जुलै २०२० पासून चालू आहे, तिला शुल्क नाही आणि कागदपत्रे चढवावी लागत नाहीत. ब्राझीलमधील एकट्या सूक्ष्म उद्योजकासाठीची ‘मेई’ ही नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तरीही शोधयंत्रात वर दिसणारी, सरकारी वाटावीत अशा रंगरूपाची खासगी पाने त्याच कामाचे पैसे घेतात. सूचीत अधिकृत पत्ता ठळक देऊन त्याखाली ‘याला पैसे लागत नाहीत’ एवढे एक वाक्य लिहिलेत, तरी कितीतरी जणांचे पैसे वाचतील.

आणि ब्राझीलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, लहान उद्योगांना साहाय्य करणारी ‘सेब्राए’ ही संस्था अभ्यासण्यासारखी आहे. १९७२ पासून चाललेल्या या संस्थेचे ऑनलाइन पाठ मोफत आहेत, परंतु तिचे खरे बळ म्हणजे देशभर तिची कार्यालये आहेत आणि पडद्यावर जे समजले नाही ते तिथे जाऊन माणसाला विचारता येते.

संघटक

सर्वांचे मनापासून आभार. टोपल्यांच्या गटासाठी कोड, शुल्क आणि भावाची टिपण याच आठवड्यात तयार करायला घेत आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांची सूचनाही त्यात घालते. कर्जाचा हिशेब पुढच्या बैठकीत सर्वांसमोर करून दाखवू. सूची प्रश्नांनी लावण्याचे ठरवले आहे आणि प्रशिक्षकांसाठीची साधने तिच्यातून काढून वेगळी ठेवणार आहोत.

एक शंका उरते. ही साधने बदलत राहतात, काही बंद होतात. आमच्याकडे रोज तपासायला माणूस नाही. जुने झालेले दुवे ओळखण्याची काही पद्धत आहे का?

व्यापारमार्ग

प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी तपासली याची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव लिहावे. सगळी सूची एकाच वेगाने तपासण्याची गरज नसते. एचएस कोडची वर्गवारी साधारण पाच वर्षांनी सुधारली जाते आणि २०२२ च्या आवृत्तीनंतरची पुढची आवृत्ती २०२८ मध्ये लागू होणार आहे, त्यामुळे कोड एकदा नीट काढला की काही काळ निश्चिंत राहता येते. शुल्काचे दर वर्षातून एकदा पाहावेत, आणि शिवाय प्रत्येक पाठवणीपूर्वीही. कर्ज-ॲपच्या नोंदी मात्र दर महिन्याला पाहाव्यात आणि परवान्याच्या यादीतून नाव गेलेले दिसले की त्याच दिवशी काढाव्यात.

तांत्रिक नियमांसाठी ‘ई-पिंग’वर नोंदणी करून ठेवा. आपला माल आणि देश निवडले की त्यासंबंधी जागतिक व्यापार संघटनेकडे आलेल्या नव्या नियमांच्या सूचना ईमेलने येतात. त्या बहुधा नियम लागू होण्याआधीच्या मसुद्याच्या असतात आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे तयारीला थोडा अवधी मिळतो.

बंद झालेल्या साधनांचे आकडे पुढे अनेक वर्षे फिरत राहतात, त्याकडेही लक्ष असू द्या. जागतिक बँकेने ‘डुइंग बिझनेस’ हा, धंदा करणे कुठे किती सोपे आहे यावरून देशांची क्रमवारी लावणारा अहवाल आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केला. त्याच्या जागी आलेल्या ‘बी-रेडी’चा पहिला अहवाल २०२४ मध्ये ५० देशांपुरता निघाला. तरीही जुनी क्रमवारी प्रशिक्षणाच्या साहित्यात अजून सापडते. आपल्या सूचीतील पुस्तिकांमध्ये ती कुठे असेल, तर तेवढी पाने आधी काढून टाका.